नवव्या संस्थेचा ताबा

तुम्ही आम्हाला मरायला सांगितलंत आणि कसं मरायचं तेही आमच्यावरच सोडलंत. हा माझा आरोप आहे. नेमका कुणावर, ते मला सांगता येत नाही, कारण तुमच्या खात्याच्या पत्राखाली नाव नव्हतं. होती एक वळवळती सही, तिच्यापुढे ‘करिता’ आणि खाली ‘सचिव’. म्हणजे सचिवांकरिता कुणीतरी. त्या कुणीतरीने पत्र वाचून सही केली की गठ्ठ्यातली शंभरावी म्हणून केली, कळायला मार्ग नाही. मी बावीस वर्षं सैन्याच्या भांडारात काढली. बुटाची एक जोडी दिली तरी देणाऱ्याचं नाव, घेणाऱ्याचं नाव, हुद्दा, तारीख, सगळं लिहून घेतलं. तुम्ही नऊ संस्थांचा जीव मागितलात आणि नाव लिहायचे कष्ट घेतले नाहीत.

तुमचं वाक्य मला पाठ आहे. ‘बदलत्या परिस्थितीत महासंघाचे प्रयोजन उरले आहे किंवा कसे, तसेच तो विसर्जित करणे उचित होईल काय, याबाबत सर्व संस्थांनी विचार करावा व कार्यवाहीचा अहवाल सादर करावा.’

हे वाक्य आपण कुणाला पाठवतोय, याचा विचार मात्र तुम्ही केला नाहीत. त्यातून काय घडलं ते सांगतो. आधी आम्ही कोण ते ऐका.

जिथं कधीकाळी पलटण राहून गेली अशा नऊ गावांत आमचा एकेक हॉल आहे. त्याला म्हणायचं सैनिकी अभ्याससंस्था. हॉलमध्ये एक लांब टेबल, भिंतीवर नकाशे, दोन-चार कपाटं पुस्तकं. दर मंगळवारी संध्याकाळी कुणीतरी उभं राहून बोलतं. पूल कसा बांधला, जखमी माणूस कड्यावरून कसा उतरवला, अमुक लढाई आपण का हरलो. निवृत्त साहेब येतात, निवृत्त शिपाई येतात, शाळामास्तर येतो, पोस्टमन येतो. बोलणं झालं की मतं. आणि मतं खालून वर. सगळ्यांत कमी हुद्द्याचा माणूस आधी बोलणार, सगळ्यांत मोठा साहेब शेवटी. कारण साहेब एकदा बोलला की बाकीच्यांच्या माना आपोआप हलायला लागतात. हा नियम कुणी केला ठाऊक नाही, पण तो मोडलेला मी पाहिलेला नाही.

या नऊ हॉलांना एकत्र धरतो तो महासंघ. खोली एक, कर्मचारी एक. तो कर्मचारी मी. लोक मला कुलूप म्हणतात. भांडारात होतो तेव्हा पडलेलं नाव आहे, आणि मला ते आवडतं. माझं काम पेट्यांचं. दारूगोळ्याच्या जुन्या बारा लाकडी पेट्या, प्रत्येकीत तीस पुस्तकं. दर महिन्याला प्रत्येक पेटी एका संस्थेतून पुढच्या संस्थेत सरकते. कुठली पेटी कुठं आहे, कुणी कुठलं पुस्तक अडकवून ठेवलंय, पाच नंबरच्या पेटीची बिजागरी कधी बदलली, मला झोपेतून उठवून विचारा.

माझी शाळा सातवीत सुटली. पुढचं जे काही शिकलो ते या पेट्यांतून. जे पुस्तक कळलं नाही ते पुन्हा नऊ महिन्यांनी फिरून यायचं, तेव्हा थोडं कळायचं. मला या कामात सुख आहे. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही म्हणाल रडगाणं घेऊन आला.

तुमचं पत्र आलं तेव्हा खोलीत आम्ही तिघं होतो. महासंघाचे अध्यक्ष कर्नलसाहेब, वय एक्याऐंशी, कान एक चालू, आवाज दोन माणसांचा. उपाध्यक्ष मेट्रनबाई, सैनिकी इस्पितळातून निवृत्त झालेल्या. त्या फाटक्या पुस्तकांना मलमपट्टीची चिकटपट्टी लावत बसल्या होत्या. पुस्तक असो की माणूस, बाई पट्टी एकाच पद्धतीने लावतात. आधी दटावतात, मग लावतात.

कर्नलसाहेबांनी पत्र दोनदा वाचलं आणि टेबलावर ठेवलं.

“कुलूप, बोल.”

तिघंच होतो तरी नियम तो नियम. कमी हुद्दा माझा.

“साहेब, हे लिहिणाऱ्याला एकदा मंगळवारी बोलवा आणि मागच्या बाकावर बसवा. काही कळलं नाही तरी डुलकी चांगली लागेल.”

“बाई?”

“घाबरायचं काही कारण नाही,” मेट्रनबाई म्हणाल्या. “असली पत्रं मला इस्पितळात दरसाल यायची. वॉर्ड बंद करण्याचा विचार करा म्हणून. मी कळवायची, विचार चालू आहे. वॉर्डही चालू असायचा.”

कर्नलसाहेब हसले. “नऊ संस्थांना नक्कल पाठव. महिन्याभरात मतं मागव. सगळ्यांची मिळून एक खणखणीत फाईल त्यांच्या डोक्यावर घालू.”

मी नऊ नकला काढल्या. प्रत्येकीला वर एक चिठ्ठी जोडली. आणि इथं माझी चूक, ती मी लपवत नाही. त्या चिठ्ठीवर मी टाइप केलं, ‘सोबतचे पत्र पुढील कार्यवाहीस्तव.’ बावीस वर्षं बोटांनी तेच टाइप केलं होतं. बोटांनी मला विचारलं नाही, मीही त्यांना विचारलं नाही. खाली कर्नलसाहेबांचा शिक्का मारला आणि पाकिटं टपालात टाकली.

आठ संस्थांनी मतं पाठवली. समुद्राकाठच्या संस्थेने तर मताबरोबर तुमच्या पत्रातल्या चुकांची यादीही पाठवली, दीड पान. नववी संस्था डोंगरातली. तिथून पत्र आलं नाही. नवव्या दिवशी फोन आला.

तिथले चिटणीस खेचरकाका. तीस वर्षं त्यांनी खेचरांवरून उंच ठाण्यांवर रसद पोहोचवली. त्यांच्याबद्दल एक गोष्ट सगळे सांगतात. एकदा त्यांना एका पुलाशी थांबायला सांगितलं होतं आणि पुढे निघायचा हुकूम द्यायला लोक विसरले. काका दोन दिवस पुलाशी उभे होते. चार खेचरांसह. बर्फात.

“कुलूप,” फोनवर काका म्हणाले, “हुकूम तामील.”

“कसला हुकूम?”

“विसर्जनाचा. काल दुपारी साडेतीनला हॉलचा ताबा दिला. सामानाची यादी तीन प्रतींत. टेबल एक, बाक अठरा, नकाशे सात, पैकी एक उंदराने खाल्लेला. तसं शेऱ्यात लिहिलंय.”

मी खुर्चीत बसलो. आधी उभा होतो हे बसल्यावर कळलं.

“ताबा दिला कुणाला?”

“जिल्ह्याच्या इमारत कार्यालयाला. जागा सरकारचीच ना. ते घेतच नव्हते. म्हणाले, आम्हाला असं काही कळवलेलं नाही. मी म्हटलं, मग आता मी कळवतो. दोन तास बसलो दारात. शेवटी घेतला बिचाऱ्यांनी.”

“काका, अहो विचार करायला सांगितला होता!”

“केला की. सकाळी विचार केला, दुपारी ताबा दिला.” मग त्यांचा आवाज उतरला. “कुलूप... म्हणजे द्यायचा नव्हता?”

काय सांगणार या माणसाला? मी सांगितलं, चिठ्ठी माझी होती, चूक माझी आहे. ते म्हणाले, नाही, हॉल माझा होता. बराच वेळ आम्ही चुकीसाठी भांडलो, आणि दोघांनाही ती स्वतःकडेच हवी होती.

कर्नलसाहेबांना सांगितलं तेव्हा ते ओरडले नाहीत. त्यांनी महासंघाच्या घटनेची जुनी पुस्तिका काढायला लावली आणि नियम चार माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतला. राष्ट्रीय महासंघ म्हणून दरवर्षी नोंदणी करायची, तर किमान नऊ संस्था हव्यात आणि प्रत्येकीच्या ताब्यात स्वतःचा हॉल हवा. कागदावरच्या संस्था उभ्या राहू नयेत म्हणून आमच्या थोरल्यांनी केलेला नियम.

“आणि हा नियम बदलायचा झाला तर?” मेट्रनबाईंनी विचारलं.

“नऊच्या नऊ संस्थांची मतं लागतात,” कर्नलसाहेब म्हणाले. “आपण आठ आहोत.”

नोंदणीची शेवटची तारीख या महिन्याची तीस. त्याआधी डोंगरातला हॉल परत मिळाला नाही तर महासंघ पुसला जाणार. पेट्या जिथं असतील तिथं थांबणार. इतकं साधं आहे ते.

म्हणून मी आणि मेट्रनबाई तुमच्याकडे आलो. तिसरा मजला, डावीकडची खोली. उपसचिव माणूस सभ्य होता, हे मी मान्य करतो. बसा म्हणाला, पाणी मागवलं.

“आम्ही ताबा मागितलाच नव्हता,” तो म्हणाला.

“मग परत द्या,” मेट्रनबाई म्हणाल्या.

“मागितलाच नाही, तर परत देण्याचा प्रश्न कसा येतो?”

“हॉल आत्ता कुणाकडे आहे?”

“इमारत कार्यालयाकडे.”

“ते म्हणतात, तुमच्या आदेशाशिवाय आम्हाला देता येत नाही.”

“बरोबर आहे त्यांचं.”

“मग आदेश द्या.”

“बाई, ताबा घेतल्याचा आदेश असता तर तो मी रद्द केला असता. तो नाहीच आहे. नसलेला आदेश रद्द कसा करणार?”

मला राहवलं नाही. “साहेब, मी भांडारात होतो. एखाद्याने चुकून दुसऱ्याचं कांबळं जमा केलं, तर मी ते परत द्यायचो. सही घ्यायचो. विषय संपला.”

“तुमचं भांडार लहान असेल,” तो हसून म्हणाला.

“चाळीस हजार माणसांचं होतं.”

त्याने मागवलेलं पाणी स्वतःच प्यायलं. “अर्ज ठेवून जा. कळवू.”

“कधी?”

“यथावकाश.”

निघताना मेट्रनबाईंचं लक्ष त्याच्या टेबलावरच्या आमच्या फाईलकडे गेलं. तिची पाठ सुटली होती, कागद बाहेर लोंबत होते. बाईंनी पर्समधून पट्टी काढली, कात्रीने कापली, फाईल उलटी करून दोन वेढे घातले. “अशी ठेवतात का?” म्हणाल्या. उपसचिव उठून उभा राहिला. का उभा राहिला ते त्यालाही कळलं नसावं.

त्यानंतर मी तीन स्मरणपत्रं पाठवली. तुमच्याकडून एक ओळ नाही.

मधल्या काळात महिना बदलला. सात नंबरची पेटी डोंगरात जायची होती. मी कर्नलसाहेबांना विचारलं, पाठवू का? ते म्हणाले, “महासंघ मेलाय का? मग पाठव, काय विचारतोस. आपणच घेऊन जाऊ.” त्यांना बसचा प्रवास झेपेल का, असं मेट्रनबाईंनी विचारलं, तर ते म्हणाले, “न झेपलं तर तुम्ही कशाला आहात?” आम्ही तिघं, पेटी आणि बाईंची औषधांची पिशवी, असे सकाळच्या बसने निघालो.

खेचरकाका थांब्यावर उभे होते. इस्त्रीचे कपडे, पॉलिशचे बूट, नजर बुटांवर. कर्नलसाहेब खाली उतरले तसे काका ताठ झाले.

“साहेब, शिक्षा सांगा.”

“ही पेटी उचल,” कर्नलसाहेब म्हणाले. “जड आहे. हीच शिक्षा.”

वाटेत हॉल लागला. मी खिडकीला नाक लावून पाहिलं. आत सगळं जागच्या जागी, टेबलावर बोटभर धूळ. दारावर इमारत कार्यालयाचं सील. आत कुणी बसत नाही, कुणी काही ठेवत नाही. शेजारच्या दुकानदाराला विचारलं, कुणी बघायला तरी येतं का? तो म्हणाला, एकदा एक साहेब आला होता, सील नीट आहे ना पाहून गेला.

मंगळवार होता. काकांनी मंगळवार चुकवला नव्हता. जनावरांच्या दवाखान्याचं चाऱ्याचं कोठार त्यांनी संध्याकाळपुरतं मागून घेतलं होतं. आत दोरी बांधून तिच्यावर कपड्यांच्या चिमट्यांनी नकाशे लटकवले होते. हे त्यांनी घरच्या वहीच्या कागदांवर स्वतः काढलेले, कारण जुने यादीत गेले होते. लोक गवताच्या भाऱ्यांवर बसले होते. मी मोजले, बत्तीस. हॉलमध्ये पंधरा-सोळाच्या वर कधी जात नसत, ते आकडे माझ्याकडेच येतात.

त्या दिवशी बोलणारे काका स्वतः. विषय, खेचरावर ओझं कसं लादावं. दवाखान्यातलं एक म्हातारं खेचर मधोमध उभं केलं होतं. काका बोलायला लागले आणि मघाचा मान खाली घातलेला माणूस कुठंतरी गेला. डावं-उजवं वजन कसं सारखं करायचं, पट्टा किती आवळायचा, चढावर कुठं हात ठेवायचा. एका ठिकाणी ते म्हणाले, “आता साहेब लोकांची एक सवय. ओझ्यावर शेवटी आपली छत्री ठेवतात. म्हणतात, एवढ्याशाने काय होतं?” आणि खेचराने नेमकं तेव्हाच नाकातून असा आवाज काढला की सगळं कोठार हसलं. कर्नलसाहेब डोळे पुसत होते. त्यांची छत्री मांडीवर होती.

मतं सुरू झाली. आधी दवाखान्यातली कंपाउंडर बाई. “मी कधी हॉलमध्ये आले नव्हते. वाटायचं, तिथं आपलं काय काम? इथं मात्र यायलाच लागतं, चारा माझ्या ताब्यात आहे.” पुन्हा हशा.

सगळ्यांची मतं झाल्यावर कर्नलसाहेब उठले. म्हणाले, “एक प्रश्न महासंघाचा आहे. नोंदणीच्या अर्जात नवव्या संस्थेच्या हॉलपुढे काय लिहायचं? कुलूप, बोल.”

मी सरळ सांगितलं. “आहे म्हणून लिहू, साहेब. हॉल जागेवर आहे, टेबल जागेवर आहे. कोण बघायला येतंय?”

“नको,” खेचरकाका म्हणाले. त्यांची पाळी होतीच. “तीस वर्षांत मी वजनाचा खोटा कागद दिला नाही. ठाण्यावरचे लोक त्या कागदावर विसंबून असायचे. माझ्यापायी महासंघाने पहिला खोटा कागद द्यायचा? त्यापेक्षा मला काढा.”

“तुम्हाला काढलं तरी आठच राहतात हो,” मेट्रनबाई म्हणाल्या. “गप्प बसा. माझंही मत, खोटं नको. मागायचा. मिळेपर्यंत मागायचा.”

कर्नलसाहेब शेवटी बोलले, आणि फार बोलले नाहीत. “तो रकाना मोकळा. हॉल मागायचा. मंगळवार इथं चालू.” मग कंपाउंडर बाईकडे वळून म्हणाले, “चालेल ना?” ती म्हणाली, “चालेल, पण जाताना गवत झटकून जायचं.” महासंघाच्या अध्यक्षांनी वाकून स्वतःच्या पँटचं गवत झटकलं.

दुसऱ्या दिवशी परतीच्या बसमध्ये माझ्या मांडीवर काकांनी परत दिलेली चार नंबरची पेटी होती. तीसच्या तीस पुस्तकं, एकाचंही पान दुमडलेलं नाही. बाहेर ऊन उतरत होतं, साहेब बाईंच्या खांद्यावर डोकं टाकून झोपले होते आणि बाई हलत नव्हत्या. मला फार बरं वाटत होतं. त्या बरं वाटण्याचाच मला राग येत होता, कारण मला ठाऊक होतं, तुम्ही हे पाहिलंत तर म्हणाल, बघा, यांचं तर मस्त चाललंय, हॉल कशाला हवा!

घरी आलो. बायको शाळेचे गणवेश शिवते. मशीन न थांबवता तिने विचारलं, “अहो, एवढे खुशीत? हॉल मिळाला की काय?”

“नाही.”

“मग?”

मी सगळं सांगितलं. खेचराचं सांगितलं तेव्हा ती हसली आणि शिवण वाकडी गेली. ती उसवत म्हणाली, “मग लिहा त्यांना. अर्ज नका लिहू, अर्ज त्यांना पचतात. जसं मला सांगितलंत तसं लिहा. आणि शिव्या गाळा.”

गाळल्या आहेत. चार होत्या.

आता तुमचं मत हवं आहे. आमच्यात सगळ्यात वरचा माणूस शेवटी बोलतो आणि तुमच्याखालचे सगळे बोलून झाले आहेत. कंपाउंडर बाई बोलली, मी बोललो, काका बोलले, बाई बोलल्या, साहेब बोलले. तीस तारखेला अकरा दिवस उरलेत. ज्या हॉलमध्ये तुम्हाला बसायचं नाही, ज्याचं तुम्हाला काही करायचं नाही, जो तुम्ही मागितलाही नव्हता, तो आम्हाला परत देणार आहात की नाही? होय असेल तर इमारत कार्यालयाला एक ओळ लिहा. नाही असेल तर ती ओळ आम्हाला लिहा, म्हणजे बारा पेट्या कुठं थांबवायच्या ते मला नऊ गावांना कळवता येईल. ‘यथावकाश’ मी घेणार नाही. होय की नाही?